जुना हॅम संच विकताना: खरे सांगणे आणि नीट बांधणे

हौशी रेडिओचा वापरलेला संच विकणाऱ्याच्या गावातच खपला, असे क्वचित घडते. हौशी रेडिओ, म्हणजे बोलण्यातला हॅम रेडिओ, हा परवान्याचा छंद आहे. परीक्षा देऊन परवाना मिळवलेली माणसे देशभर विखुरलेली असतात आणि संच घेण्याचा अधिकारही त्यांनाच असतो. जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातील आष्टीत कोणी आपला शॉर्टवेव्हचा ट्रान्सीव्हर काढायचे ठरवले, तर गिऱ्हाईक पुण्याला, हैदराबादला किंवा थेट कोचीला निघते. त्याने संच डोळ्यांनी पाहिलेला नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचतात ती विकणाऱ्याची चार वाक्ये, सात-आठ फोटो आणि काही दिवसांनी एक खोके. व्यवहार बिघडतो तो दोनच ठिकाणी, सांगण्यात आणि बांधण्यात. आणि या दोन्ही गोष्टी खोके आष्टीतून हलण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

पहिला प्रश्न घेणाऱ्याच्या परवान्याचा. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून भारतात बिनतारी यंत्र नुसते जवळ ठेवायलाही परवाना लागतो, मग ते चालू असो वा माळ्यावर पडलेले. १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने घेत आहे. रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी हवी, हे तत्त्व त्यातही कायम आहे. हौशी परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. त्याच्या श्रेणी आहेत: सामान्य श्रेणीचे कॉलसाइन साधारणपणे व्हीयू२ ने सुरू होतात, मर्यादित श्रेणीचे व्हीयू३ ने. सामान्य श्रेणीला ४०० वॅटपर्यंत प्रक्षेपणाची मुभा आहे, मर्यादित श्रेणीला ५० वॅट. तेव्हा परदेशातून आलेला हजार वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ‘फुल पॉवर देतो’ असे सांगून विकणारा खरे बोलत असला, तरी घेणाऱ्याला ती पॉवर कायद्याने वापरता येणार नाही, हेही त्यानेच सांगायला हवे.

या बाबतीत मोह असतो तो हातात धरायच्या छोट्या संचांचा. हॉटेलवाले, मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक, सुरक्षा रक्षकांचे ठेकेदार यांना वॉकी-टॉकी हवेच असतात. ते रोख पैसे देतात आणि दारातून घेऊन जातात. ना पॅकिंगची कटकट, ना वाहतुकीची. पण विनापरवाना वापराची सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना. हॅमचा संच पोलिसांच्या किंवा विमानतळाच्या लहरींच्या आसपासही फिरवता येत असेल, तर तो त्या सवलतीत बसत नाही. ऑनलाइन बाजारात असे संच सर्रास विकले जाऊ लागले, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मोठ्या संकेतस्थळांना नोटिसा पाठवल्या आणि रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. एकट्यादुकट्या विक्रेत्यासाठी नियम साधा आहे: घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत आधी मागावी, कॉलसाइन आणि नाव जुळते का ते पाहावे, आणि संचाचा अनुक्रमांक, तारीख व दोघांच्या सह्या असलेला विक्रीचा कागद जपून ठेवावा. पुढे तो संच कुठे सापडला, तर विचारणा अनुक्रमांकावरूनच होते.

न पाहता घ्यायच्या जुन्या मालाचा बाजार का बिघडतो, याचे स्पष्टीकरण अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या एका निबंधात दिले. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. चांगली गाडी आणि आतून खराब गाडी घेणाऱ्याला ओळखता आली नाही, तर तो दोहोंच्या मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाचे नुकसान होते, म्हणून तो बाजारातून निघून जातो. मग उरलेला माल आणखी खराब, भाव आणखी खाली. या विचारासाठी त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. हॅमचा जुना बाजार या गर्तेत पुरता गेला नाही, याचे श्रेय कॉलसाइनला द्यावे लागेल. विकणारा निनावी नसतो. परवान्याबरोबर मिळालेले ते चिन्ह तो रोज हवेत उच्चारतो, आणि एकाला फसवले तर ऐकणारे शेकडो असतात. याची दुसरी बाजूही आहे. कॉलसाइन जाहीर असल्याने भामटा दुसऱ्याचे चिन्ह लावून जाहिरात देऊ शकतो. म्हणून नाव, आवाज आणि संच हे तिन्ही एकाच माणसाचे आहेत का, हे घेणाऱ्याने पैसे पाठवण्याआधी ताडून पाहिले पाहिजे.

कायदा प्रामाणिकपणाची सक्ती कुठपर्यंत करतो? वाटते तितकी नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिथे घोड्याची उदाहरणे दिलेली आहेत. घोडा सदोष आहे हे माहीत असूनही मालक लिलावात गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन,’ आणि तरीही मालक गप्प बसला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणे मात्र सरळसरळ फसवणूक आहे. १९३० चा मालविक्री कायदा यात एक महत्त्वाची भर घालतो: वर्णनावरून माल विकला असेल, तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. दूरच्या गिऱ्हाइकाला विकलेला संच हा नेमका वर्णनावरून विकलेला माल. म्हणून घेणाऱ्याने प्रश्न लेखी विचारावेत आणि विकणाऱ्याने उत्तरे लेखी द्यावीत. गप्प राहण्याची मोकळीक कायद्याने ठेवली आहे खरी, पण ती वापरणाऱ्या माणसाकडून दुसऱ्यांदा कोणी काही घेत नाही.

वर्णनात सर्वांत फसवा शब्द म्हणजे ‘चालू आहे’. संचाला वीज दिली, दिवे लागले, एखादे स्टेशन ऐकू आले, की तो चालू आहे असे म्हणता येते. पण तेवढ्याने ट्रान्सीव्हरबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. नीट तपासणी म्हणजे प्रत्येक बँडवर डमी लोड जोडून किती वॅट निघतात ते मोजणे. ४० मीटरवर शंभर वॅट देणारा संच १० मीटरवर तीस देत असेल, तर तसेच लिहावे. प्रक्षेपण पाच मिनिटे चालू ठेवल्यावर पॉवर घसरते का, पंखा फिरतो का, संच तापल्यावर वारंवारता सरकते का, तेही पाहावे. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते का, ट्यूनिंगचे मोठे चाक उड्या मारते का, रिले चिकटतो का, डिस्प्लेचा उजेड मंद झाला आहे का, या गोष्टी किरकोळ वाटतात. पण आष्टीत काय किंवा परतुरात काय, असे सुटे भाग बदलून देणारा कारागीर नसतो. संच घेणाऱ्याच्या गावीही बहुधा तीच स्थिती असते. शहरात दोनशे रुपयांत मिटणारा दोष तिथे संच वर्षभर कपाटात ठेवायला लावतो.

काही मॉडेलांचे ठरलेले आजार असतात आणि जाणकार विक्रेता ते न विचारता सांगतो. केनवूडच्या टीएस-४४० मध्ये एका मंडलावर ओतलेला डिंकासारखा पदार्थ जुना झाला की मंडल बिघडते आणि डिस्प्लेवर आकड्यांऐवजी नुसते ठिपके दिसतात. याएसूच्या एफटी-८५७ आणि एफटी-८९७ च्या पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा येऊ लागतात. एफटी-८१७ च्या सुरुवातीच्या संचांत प्रक्षेपणाचे शेवटचे ट्रान्झिस्टर, म्हणजे ‘फायनल्स’, जळण्याची तक्रार जुनी आहे. असा आजार झाला होता आणि दुरुस्त केला, हे सांगितल्याने भाव पडतोच असे नाही. दुरुस्ती नीट झाली असेल तर उलट गिऱ्हाईक निर्धास्त होते. १९७० च्या दशकातल्या एफटी-१०१ सारख्या संचांत फायनल्स म्हणजे व्हॉल्व्ह असतात. ते किती वापरलेले आहेत, सुटे मिळतात का आणि विकणाऱ्याकडे जोडी शिल्लक आहे का, यावर संचाची निम्मी किंमत ठरते.

मराठवाड्यातल्या संचाला दोन गोष्टी विशेष विचाराव्यात. पहिली वीज पडण्याची. वळवाच्या पावसात या भागात विजा जोरात पडतात आणि शेतात किंवा धाब्यावर उंच बांधलेली अँटेना त्यांना आयतीच सापडते. थेट वीज पडली तर संच खाक होतो आणि प्रश्न मिटतो. जवळपास पडली तर मात्र पहिल्या टप्प्यातले डायोड किंवा एखादा ट्रान्झिस्टर अर्धवट जखमी होतो. संच चालतो, मोठी स्टेशने ऐकू येतात, पण दूरचे क्षीण संदेश हरवतात. मालकाला वाटते की लहरींचे दिवस वाईट आहेत. असा संच विकताना ‘दोन वर्षांपूर्वी शेजारी वीज पडली होती, तेव्हापासून रिसीव्ह थोडा बहिरा वाटतो’ हे एक वाक्य लाखमोलाचे आहे. दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची. ग्रामीण वाहिनीवर दाब कधी १७० वर उतरतो, कधी बराच वर चढतो. त्याचा पहिला मार पॉवर सप्लायवर बसतो. संचाबरोबर पॉवर सप्लाय विकायचा असेल, तर त्याची कधी दुरुस्ती झाली का ते वेगळे सांगावे.

परदेशातून आलेल्या संचात आणखी दोन खाचा असतात. अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्टची वीज असते. आत ट्रान्सफॉर्मर असलेला तिकडचा जुना संच इथल्या २३० व्होल्टला सरळ लावला तर धूर निघतो. त्याचे टॅपिंग बदलले आहे की नाही, हे केबलवरच चिठ्ठी बांधून लिहावे. जपानमधल्या परवाना पद्धतीमुळे काही मॉडेलांच्या दहा वॅटच्या आवृत्त्याही निघतात. आयकॉमचा आयसी-७३०० शंभर वॅटचा, पण नावापुढे एस असलेली जपानी आवृत्ती दहा वॅटची. बाहेरून दोन्ही जुळ्या भावंडांसारख्या दिसतात, आणि फोटोत तर फरक कळतच नाही. तिसरी बाब मालक स्वतःच करून बसलेला असतो: बँडच्या बाहेर प्रक्षेपण व्हावे म्हणून आतली तार कापणे किंवा डायोड काढणे. भारतात दोन मीटरचा हौशी बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे, अमेरिकेत तो १४८ पर्यंत जातो. मोकळा केलेला संच घेणाऱ्याच्या हातून नकळत बाहेर बोलला, तर नोटीस त्याला येते. असा फेरफार लपवणे हे दोष लपवण्यापेक्षाही वाईट, कारण त्याची किंमत पैशांत भागत नाही.

संचाची परीक्षा घेण्याची एक सोय हॅमच्या जगात आहे, ती जुन्या मालाच्या दुसऱ्या बाजारात नाही. विकणारा आणि घेणारा दोघेही परवानाधारक असल्याने ठरल्या वेळी ४० मीटरवर येऊन त्याच संचावरून बोलता येते. आवाज कसा आहे, वारंवारता सरकते का, घेणाऱ्याचा क्षीण संदेश तिकडे ऐकू येतो का, हे दहा मिनिटांत कळते. भावाची घासाघीस मात्र हवेत करू नये. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या २५ व्या अनुच्छेदाप्रमाणे निरनिराळ्या देशांतल्या हौशी केंद्रांचे संभाषण या सेवेशी संबंधित आणि वैयक्तिक स्वरूपाच्या बोलण्यापुरतेच असावे, आणि देशातल्या देशातही तोच संकेत पाळलेला बरा. सौदा फोनवर करावा. त्याच फोनवर व्हिडिओ कॉल लावून वॉटमीटर दाखवला, तर आणखी चांगले.

फोटोंबद्दल थोडेच सांगायचे आहे. समोरून, मागून, वरचे झाकण काढून आत, अनुक्रमांकाची पट्टी, आणि प्रत्येक ओरखडा. कंपनीच्या माहितीपत्रकातला गुळगुळीत फोटो टाकणाऱ्याकडून काही घेऊ नये. पैशांचे तर त्याहून सोपे आहे: ओळख पटल्याशिवाय आगाऊ रक्कम नाही, आणि रक्कम हातात पडल्याशिवाय खोके नाही. दोघांनाही ओळखणारा एखादा ज्येष्ठ हॅम मध्ये घातला की ही कोंडी सुटते.

आता बांधण्याकडे. खोके वाहतुकीत पडणार आहे, असे धरूनच ते बांधायचे असते. टेम्पोच्या फळीवरून किंवा हमालाच्या खांद्यावरून ते पाऊण मीटर खाली आले, असे समजू. पडताना मिळवलेला वेग खोके जमिनीला टेकल्यावर किती अंतरात थांबतो, यावर धक्क्याचा जोर ठरतो. थांबायचे अंतर अडीच सेंटिमीटर असेल, तर संचावरचा भार सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट होतो. अर्धा सेंटिमीटर असेल तर दीडशेपट. जुन्या संचात तीन किलोचा ट्रान्सफॉर्मर चार स्क्रूंवर बसवलेला असतो. पहिल्या धक्क्यात त्या स्क्रूंवर नव्वद किलोचा ताण येतो, दुसऱ्यात साडेचारशे किलोचा. दुसऱ्या धक्क्यानंतर ट्रान्सफॉर्मर बूड सोडतो आणि उरलेल्या प्रवासात आतल्या पाट्या फोडत फिरतो. बाहेरून खोक्याला ओरखडाही नसतो. फोम त्याच्या जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंतच दबतो, म्हणून अडीच सेंटिमीटर हवे असतील तर चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर फोम लागतो. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे दोन वेढे यात मोडत नाहीत. थर्माकोलचे सुटे मणीही जड संचाला कामाचे नाहीत. हादऱ्यांनी ते बाजूला सरतात आणि संच तळाला जाऊन बसतो. खात्रीची पद्धत म्हणजे पॉलिथिन फोमच्या पाट्यांत बसवलेला संच एका खोक्यात, आणि ते खोके पुन्हा फोम घालून दुसऱ्या खोक्यात. पुढच्या बाजूच्या बटणांवर भार येऊ नये म्हणून त्यांच्याभोवती पोकळी ठेवून पुठ्ठ्याची चौकट लावतात.

मोठ्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला वेगळाच नियम आहे. व्हॉल्व्ह काढून स्वतंत्र डब्यात, ट्रान्सफॉर्मर काढून स्वतंत्र पेटीत, आणि पुन्हा जोडताना कोणती तार कुठे याचा फोटो पेटीत. पंधरा किलोच्या एफटी-१०१ साठी पुठ्ठ्यापेक्षा फळ्यांची पेटी बरी. लिथियम बॅटरी हा स्वतंत्र प्रश्न आहे. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. विमानाने जाणाऱ्या खोक्यात ती न सांगता टाकणे म्हणजे स्वतःची बचत करून इतरांना धोक्यात घालणे. बॅटरी घेणाऱ्याने आपल्या गावी नवी घ्यावी, हेच उत्तम. ॲल्युमिनियमच्या लांब अँटेनांना कुरिअर हात लावत नाही, आणि त्या कापून पाठवल्या तर जोडाच्या जागी कुरकुर कायमची. त्या जवळच्याच गिऱ्हाइकाला द्याव्यात. पावसाळ्यात संच आधी जाड प्लास्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावा, मग फोम. जून ते सप्टेंबर पाठवणे टाळता आले तर त्याहून बरे.

इथे एक व्यावहारिक अडचण येते आणि तिच्यापायीच पुष्कळ संच फुटतात. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारही मोजतात: सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून बहुधा ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर भाडे लावतात. आयसी-७३०० भरतो सव्वाचार किलोच्या आत. पण दोन खोक्यांत नीट बांधला की बाहेरचे माप साधारण ४४ × ३० × ४४ होते आणि भाडे साडेअकरा किलोचे पडते. भाडे विकणाऱ्याच्या माथी असेल, तर त्याचा हात आपोआप लहान खोक्याकडे जातो. म्हणून भाडे आणि पॅकिंगचा खर्च घेणाऱ्याने वेगळा द्यावा, आणि खोक्याचे माप आधीच ठरवून घ्यावे. हजार रुपये भाडे वाचवण्यासाठी चाळीस हजारांचा संच एका पातळ खोक्यात घालणारे कमी नाहीत.

आष्टीचा माल पाठवताना पत्त्याचीही काळजी आहे. महाराष्ट्रात आष्टी एक नाही. बीड जिल्ह्यात आष्टी तालुका आहे, वर्धा जिल्ह्यातही आष्टी तालुक्याचे गाव आहे, आणि परतूर–माजलगाव रस्त्यावरची ही जालन्याची आष्टी. न स्वीकारलेले खोके परत येताना नुसते ‘आष्टी, महाराष्ट्र’ असे असेल, तर ते तालुक्याचे ठिकाण असलेल्या आष्टीकडे जाण्याचा संभव मोठा. याच घोळावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला आणि तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, संस्कृतचे विद्वान. पिनमधले पहिले तीन आकडे वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात. जालन्याच्या आष्टीचा पिन ४३१ ने, बीडच्या आष्टीचा ४१४ ने आणि वर्ध्याच्या आष्टीचा ४४२ ने सुरू होतो. पिन, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही खोक्याच्या दोन बाजूंवर लिहावेत, आणि त्यातला एक कागद खोक्याच्या आतही टाकावा; वरची चिठ्ठी पावसात निघून जाते.

आष्टीतून माल निघण्याच्या वाटा चार: पोस्ट, एसटी, ट्रान्सपोर्ट आणि परतूरपर्यंत नेऊन रेल्वे. परतूर हे मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचे स्थानक आहे, पण पार्सलसाठी मोठ्या स्थानकाची चौकशी करावी लागते. वाट कोणतीही असो, नुकसानीची भरपाई सगळीकडे तुटपुंजी असते. १८९८ च्या कायद्याने पोस्टाला हरवणे, उशीर आणि मोडतोड यांच्या जबाबदारीतून मोठ्या प्रमाणात मुक्त ठेवले होते आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेही ते धोरण सोडले नाही. स्पीड पोस्टाच्या बाबतीत वर्षानुवर्षे नियम होता तो भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. ट्रकच्या वाहतुकीला २००७ चा रस्ते वाहतूक कायदा लागू होतो. मालाची किंमत जाहीर करून वाढीव दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. पाचशे रुपये भाडे, तर जास्तीत जास्त पाच हजार. रेल्वेतही किंमत जाहीर न केलेल्या मालाची भरपाई वजनावर मोजली जाते. म्हणून बिल्टीवर किंमत लिहिणे टाळू नये. काही विक्रेते भाडे वाचावे म्हणून ‘जुने स्पेअर पार्ट, पाचशे रुपये’ असे लिहितात. मग संच फुटला की त्यांच्याच सहीचा तो कागद त्यांच्याविरुद्ध उभा राहतो. खोटे बोलणे इथे घेणाऱ्याशी झालेले नसते, पण नुकसान त्याचेच होते.

वाटेत फुटलेल्या संचाचा तोटा कोणाचा? मालविक्री कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो प्रथमदर्शनी घेणाऱ्याला पोहोचला असे धरतात. हे ऐकून विकणाऱ्याला हायसे वाटेल, पण त्याच कलमात पुढे अट आहे: मालाचे स्वरूप लक्षात घेऊन वाहतूकदाराशी वाजवी करार करणे विकणाऱ्याचे काम आहे. ते त्याने केले नाही आणि माल हरवला किंवा बिघडला, तर घेणाऱ्याला ती पोच नाकारता येते किंवा भरपाई मागता येते. पातळ खोके, खोटी किंमत आणि विमा नाही, अशा वेळी ‘मी तर दिला होता’ हे म्हणणे टिकणे अवघड. शहाणपण यातच, की जोखीम कुठे बदलते ते आधीच लिहून ठेवावे. सर्वांत स्वच्छ तोडगा म्हणजे संच घेणाऱ्याच्या हाती नीट पडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची आणि विम्याचा खर्च घेणाऱ्याचा. विमा घेताना जुन्या, वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक मालाची मोडतोड त्यात धरली आहे का, ते विचारून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी फक्त हरवल्याचीच भरपाई असते.

घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचीही परीक्षा याच टप्प्यावर होते. खोके घेताना बाहेरची मोडतोड पोचपावतीवर लिहावी आणि उघडताना सलग चित्रीकरण करावे. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे आठवडाभरात, सगळ्या बँडवर तपासून कळवावे. सहा महिन्यांनी चुकीच्या व्होल्टेजला लावून फायनल्स जाळल्यावर ‘आलाच तसा’ म्हणणारेही भेटतात. चांगली पाटी काढून आपली जळकी पाटी घालून संच परत पाठवण्याचा प्रकारही माहीत आहे. त्यावर उपाय म्हणून विकणारे आतल्या महत्त्वाच्या पाट्यांवर शाईची बारीक खूण करतात आणि तिचा फोटो ठेवतात. ट्रकने आलेल्या मालाबद्दल दावा करायचा असेल, तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, हेही ध्यानात असावे.

वाहतूकच टाळण्याचा मार्ग जुना आहे. अमेरिकेत ओहायोमधला हॅमव्हेन्शन १९५२ पासून भरतो आणि तिथे जुन्या संचांचा मोठा बाजार असतो. भारतात दरवर्षी एखाद्या शहरात हॅमफेस्ट होतो. तिथे संच टेबलावर लावून, डमी लोडवर चालवून, हातोहात देता येतो. मराठवाड्यातून हैदराबादला किंवा पुण्याला जाणाऱ्या कोणाच्या मांडीवर ठेवून पाठवलेला संचही कुठल्याही कुरिअरपेक्षा सुखरूप पोहोचतो.

शेवटची बाब निधन पावलेल्या हॅमच्या संचांची. अशा हॅमला या मंडळींत ‘सायलेंट की’ म्हणतात. परवाना त्याच्या नावाचा असतो, तो पत्नीला किंवा मुलांना वारशाने मिळत नाही. घरात शिल्लक राहतात ते संच, आणि त्यांची किंमत कोणालाच ठाऊक नसते. एखादा परिचित येतो, ‘काकू, हे आता कोण घेणार, भंगारच आहे’ म्हणत पन्नास हजारांचा माल पाच हजारांत उचलतो. या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोठी फसवणूक बहुधा हीच, आणि ती विकणाऱ्याची होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी आपले संच नेऊन संदेश पोहोचवले होते. असे संच रद्दीवाल्याच्या काट्यावर जाऊ नयेत. त्यासाठी प्रत्येक हॅमने आपल्या हयातीतच संचांची यादी, अनुक्रमांक, दोष, अंदाजे किंमत आणि विश्वासाच्या दोन परवानाधारकांची नावे एका कागदावर लिहून परवान्याच्या फायलीत ठेवावीत. घरच्यांनीही तो कागद हाती येईपर्यंत एकही संच विकू नये.